ताऱ्यांचं बिल कोण भरतं?

डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, 12 माणसं गेली आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. 23 मे 2024 ला त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला, पुन्हा दहाहून जास्त माणसं गेली, पुन्हा काचा फुटल्या. त्यानंतरची चर्चाही दोन्ही वेळा तीच. एक बाजू म्हणते, सरकारी निरीक्षक वाढवा, कारखान्यांना वठणीवर आणा. दुसरी म्हणते, इन्स्पेक्टर राज परत आणू नका, पाकिटाची किंमत वाढेल, बाकी काही होणार नाही. मग कुणीतरी शहाणा मधला मार्ग सुचवतो: खाजगी, तटस्थ संस्थांकडून कारखान्यांची तपासणी करून घ्या आणि फ्रिजला असतात तसे सुरक्षेचे तारे द्या. हे ऐकलं की पहिली बाजू 'खाजगीकरण' म्हणून ओरडते आणि दुसरी बाजू टाळ्या वाजवते. माझ्या मते दोघांनीही चुकीच्या जागी बोट ठेवलंय. मी ताऱ्यांच्या बाजूचा आहे. पण तपासणारा सरकारी की खाजगी, या वादात मला रस नाही. त्याला कारखान्यात कोण धाडतं, त्याचे पैसे कोण देतं आणि त्याने लिहिलेलं शेवटी कोण वाचतं, एवढ्यावरच सगळं ठरतं. या तिन्हींचं उत्तर 'कंपनी' असेल, तर ते तारे नसलेले बरे.

स्वतंत्र मानांकनाने काय होऊ शकतं हे बघायला फार लांब जायला नको. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीवर आपटल्या. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. कंपन्या आणि त्यांचे पाठीराखे म्हणाले, आमची गाडी भारताच्या नियमात बसते, आणि भारतीय गिऱ्हाईक सुरक्षा बघत नाही, मायलेज बघतं. हे तेव्हा खरंही वाटायचं. 2018 च्या शेवटी टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि त्यानंतर बघता बघता तारे जाहिरातीत आले. 2023 मध्ये सरकारने स्वतःचं भारत एनकॅप सुरू केलं. आज शोरूममध्ये मायलेजच्या आधी तारे विचारणारे लोक मला माहीत आहेत. हे का घडलं? 2014 मध्ये आपटायच्या गाड्या कंपनीने निवडून, घासूनपुसून पाठवल्या नव्हत्या म्हणून. निकाल सगळ्यांनी पाहिला म्हणून. आणि चाचणी एका फोटोत समजत होती म्हणून: पुतळ्याचं डोकं स्टिअरिंगवर आपटलेलं.

आता त्याच पाच ताऱ्यांच्या गाडीच्या दाराचा पत्रा कुठे दाबला गेला ते बघू. मी काही वर्षं चाकण पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला होतो. वीसेक पॉवर प्रेस, बहुतेक ऑपरेटर कंत्राटी, ठेकेदार तीन. प्रेसला दोन बटणं असतात आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. हेतू साधा आहे. दोन्ही हात बटणावर असतील तर एकही हात डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, नसेल. पण दोन बटणांनी तासाला जेवढे जॉब, म्हणजे दाबलेले सुटे भाग, निघतात, त्याच्यापेक्षा टार्गेट नेहमीच थोडं पुढे असायचं. म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. डाव्या हाताने जॉब सरकवायचा, उजव्याने बटण. हे सगळ्यांना माहीत होतं. ऑडिटच्या आदल्या दिवशी सुपरवायझर प्रत्येक प्रेसपाशी जाऊन म्हणायचा, "अरे, टेप काढ आधी, बाकीचं नंतर." फरशीवर पिवळे पट्टे नव्याने मारले जायचे. स्टोअरमधून सेफ्टी शू निघायचे आणि संध्याकाळी नंबरानुसार परत जमा व्हायचे. ऑडिटर दुपारी जेवायला एमडींच्या केबिनमध्ये. कोपऱ्यात उभा राहून मी चेकलिस्टवर टिका पडताना बघायचो आणि एकही टिक खोटी नसायची, कारण त्या दिवशी खरोखरच सगळं तसंच असायचं. गेटवर फलक होता, 'अपघातविरहित दिवस', आकडा खडूने लिहायचा. त्या काळात एका पोराची दोन बोटं गेली. आकडा पुसला गेला नाही. कागदावर तो घरी सायकलवरून पडला होता.

माझ्या एका प्रेस शॉपवरून जग ठरवू नये हे मान्य. म्हणून मोठं उदाहरण घेऊ. 11 सप्टेंबर 2012 ला कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे रस्ते बंद होते, अडीचशेच्या वर माणसं गेली. त्या कारखान्याला जेमतेम महिनाभर आधी एसए 8000 हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. म्हणजे स्वतंत्र संस्था होती, जगमान्य मानक होतं, शिक्का होता. फक्त बाहेर पडायचा दरवाजा नव्हता. मानांकनाला विरोध करणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो हलक्यात काढून चालणार नाही. तारा नसलेल्या कारखान्याकडे लोक निदान संशयाने बघतात. तारा मिळाला की तो संशयही मरतो, खरेदीदार निवांत झोपतो, सरकार दुसऱ्या फाइलकडे वळतं. खोटी सुरक्षा ही असुरक्षेपेक्षा वाईट, हे मी मान्य करतो.

पण ह्यावरून मानांकनच टाकाऊ ठरतं का? आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीच्या रोख्यांना ऑगस्ट 2018 पर्यंत सर्वोच्च 'एएए' पत होती आणि पुढच्याच महिन्यात कंपनी हप्ते बुडवत होती. तेव्हा कुणी म्हटलं नाही की आता कर्ज घेणाऱ्याची पत तपासूच नका. लोकांनी नेमकं दुखणं ओळखलं: ज्याला गुण द्यायचे, तोच मास्तरांची फी भरतो. परीक्षकाला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं हवं असतं. त्यासाठी त्याने लाच घ्यायलाच पाहिजे असं नाही. जरा समजूतदार असलं की पुरतं.

हे दुखणं बरं होतं का, याचा सरळ प्रयोग आपल्या शेजारी झालेला आहे. गुजरातेत 1996 पासून, हायकोर्टाच्या आदेशाने, प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते. ऑडिटर कारखान्याने निवडायचा, पैसेही त्यानेच द्यायचे. अहवालांत धुराचे आकडे कसे यायचे? बरोबर मर्यादेच्या किंचित खाली, गर्दी करून, जसे पास व्हायला पस्तीस हवेत तर सगळ्या वर्गाला छत्तीस पडावेत. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारच्या मदतीने काही कारखान्यांसाठी तीन गोष्टी बदलल्या. कुठल्या कारखान्याला कुठला ऑडिटर हे चिठ्ठी टाकून ठरवलं. त्याची ठरलेली फी एका सामाईक निधीतून दिली. आणि काही ठिकाणी त्याच्या मागोमाग दुसऱ्याने जाऊन पुन्हा मोजलं. उल्लंघन असूनही 'मर्यादेत' म्हणून लिहायचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घसरलं. ऑडिट करणाऱ्या संस्था त्याच होत्या, राज्य तेच, कारखाने तसलेच. आणि ऑडिटर खरं लिहायला लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. 2013 मध्ये छापून आलेल्या या प्रयोगाची आपल्याकडच्या औद्योगिक सुरक्षेच्या चर्चेत कुणी आठवणसुद्धा काढत नाही, याचं मला नवल वाटतं. कारण 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत बाहेरच्या तज्ज्ञांकडून ऑडिट आणि प्रमाणन करून घ्यायची सोय आहे, आणि निरीक्षकाचं नावच आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झालं आहे. भांडायचं असेल तर फीचा चेक कुणाच्या खात्यातून निघतो यावर भांडावं. नावावर कसलं भांडायचं?

महाराष्ट्राला तर हे अजिबात नवीन नाही. जून 2017 मध्ये आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना चिमणीतून निघणाऱ्या धुळीवरून एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते उघड जाहीर केले. चिमणीला तारे देता येतात. मग चिमणीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या सुरक्षेला का नाही?

यावर कारखानदारांचं एक उत्तर असतं आणि त्यात तथ्य आहे. धूळ यंत्राने मोजता येते, सुरक्षा कशी मोजणार? अपघातांच्या आकड्यांवरून? मग लोक अपघात लपवतील. बरोबर. माझ्या फलकावरचा खडूचा आकडा ह्याचाच पुरावा आहे. आणि हे फक्त छोट्यांचं पाप नाही. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होऊन 11 जण गेले. त्याच दिवशी कंपन्यांचे बडे अधिकारी तराफ्यावर आले होते, कारण कामाचा दिवस बुडवणाऱ्या अपघाताविना सात वर्षं पार पडल्याबद्दल कौतुक करायचं होतं. आकडा खोटा नव्हता. तो भलतीच गोष्ट मोजत होता. पाय घसरून पडणारी माणसं मोजून विहिरीतल्या वायूचा दाब कळत नाही. त्याआधी पाच वर्षं, मार्च 2005 मध्ये, टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 15 जण मेले, आणि तिथल्या चौकशीनेही हेच सांगितलं की किरकोळ दुखापतींचा चांगला आकडा बघून व्यवस्थापन गाफील राहिलं.

तर मग अपघात मोजायचेच नाहीत का? मोजायचे, पण कारखान्याच्या रजिस्टरमधून नाही. सेफ इन इंडिया ही संस्था कित्येक वर्षं वाहन उद्योगात हातबोटं गमावलेल्या कामगारांना मदत करते आणि त्यांच्याकडूनच माहिती घेऊन दरवर्षी 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते. हरियाणाबरोबर त्यात महाराष्ट्रही आहे. त्यातलं एक निरीक्षण माझ्या डोक्यातून जात नाही: कितीतरी कामगारांना ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड नोकरीला लागताना मिळत नाही, ते अपघात झाल्यावर काढलं जातं. रजिस्टरमध्ये सायकल लिहिता येते. पण बोट प्रेसमध्ये चेंगरलं की सायकलवरून पडून मोडलं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरला न सांगता कळतं. नोकरी लागल्याची तारीख, कार्ड काढल्याची तारीख आणि अपघाताची तारीख शेजारी शेजारी ठेवली की कारखान्याचं निम्मं ऑडिट ईएसआयच्या कंप्युटरवरच होतं. हीच संस्था गाड्यांच्या बड्या ब्रँडांच्या सुरक्षा धोरणांचीही तुलना करून जाहीर करते. म्हणजे मी मागतोय त्याची सुरुवात एका स्वयंसेवी संस्थेने आधीच केली आहे, सरकारी अधिकार हातात नसताना.

ब्रँडांवर येतोच आहे तर लघुउद्योजकाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण माझा तो मालक काही राक्षस नव्हता. त्याला वरच्या कंपनीकडून दरवर्षी पीसमागे भाव कमी करायचं पत्र यायचं. प्रेससमोर लाइट कर्टन बसवला की हात आत गेल्यावर मशीन आपोआप थांबतं. पण त्याला पैसे लागतात, आणि तो बसवलेल्या शॉपचा पीस महाग पडतो. शेजारचा बसवत नाही, त्याला ऑर्डर जाते. अशा माणसाच्या गेटवर एक तारा चिकटवून नेमकं काय साधणार? तो दुकान बंद करून शेडच्या मागे बिननोंदणीचं दुसरं सुरू करेल. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याजवळच्या तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून जी माणसं मेली त्यांत बहुतेक बायका होत्या, आणि तो कारखाना अनधिकृत होता. जो कारखाना कुठल्याच वहीत नाही त्याला कुठलं मानांकन गाठणार? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तिथे पोलीस, महापालिका आणि वीज मीटरची नोंद लागेल, तारे नव्हेत. पण प्रेस शॉपपुरतं उत्तर आहे, आणि ते म्हणजे तारा शॉपच्या गेटवर न लावता ज्याच्या गाडीला तो पत्रा लागतो त्याच्या बोनेटवर लावायचा. पुरवठादाराकडे तुटलेली बोटं ज्या ब्रँडसाठी तुटली त्याच्या खात्यावर जमा करा. मग भाव कमी करायच्या पत्राचा मजकूर आपोआप बदलेल.

हे भाबडं वाटत असेल तर बांगलादेश बघा. 24 एप्रिल 2013 ला सावरमधली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेच्या वर माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कपडे कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावली. धोका दोघांनाही सारखाच माहीत होता. महिनाभरात ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये 'अकॉर्ड' नावाचा करार झाला, आणि तो नुसत्या सदिच्छांचा नव्हता, कायद्याने बांधणारा होता. सोळाशेहून जास्त कारखाने त्यात आले. अभियंते अकॉर्डचे, खर्च ब्रँडांचा, ज्याची खरेदी मोठी त्याचा वाटा मोठा. प्रत्येक कारखान्याचा अहवाल आणि दुरुस्तीची मुदत जाहीर. जो मालक दुरुस्ती करणार नाही त्याच्याकडून खरेदी बंद. कारखानदार तेव्हाही म्हणाले होते की धंदा बुडेल. बांगलादेशचा कपडा आज कुठल्या दुकानात नाही ते सांगा.

ह्या वादात इतिहासाला बोलवायचं तर मी जहाजांना बोलवेन. जहाजांना दर्जा देणारी लॉइड्सची नोंदवही लंडनमधल्या एका कॉफीहाउसच्या गिऱ्हाइकांनी 1760 मध्ये सुरू केली, कारण त्यांचे विम्याचे पैसे अडकलेले असत. खलाशाच्या जिवाचा त्यात विचार नव्हता, आणि विमा उतरवलेलं जुनं जहाज बुडालं तर मालकाचं फारसं जातही नसे. म्हणून सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने जहाजाच्या अंगावरच रेघ मागितली, इतकं बुडालं की बस, याच्यावर माल नको. 1876 मध्ये कायदा झाला. पण रेघ कुठे मारायची ते ठरवायचं मालकाने! एका कप्तानाने म्हणे ती धुराड्यावर मारली. रेघेची जागा कायद्याने ठरायला 1890 उजाडावं लागलं. आपल्याकडच्या 'स्वयंप्रमाणना'च्या, म्हणजे कारखान्याने स्वतःच स्वतःला दाखला द्यायच्या, योजना वाचताना मला प्रत्येक वेळी ते धुराडं दिसतं. आणि रेघेतली खरी हुशारी बघा: ती वाचायला इंजिनिअर लागत नाही. धक्क्यावरचा हमालसुद्धा सांगू शकतो की हे जहाज जास्त भरलंय.

भोपाळच्या कारखान्याची तपासणी झाली नव्हती असं नाही. मे 1982 मध्ये अमेरिकेहून कंपनीचंच पथक येऊन गेलं, त्याने गंभीर उणिवा लिहून ठेवल्या. त्यावर अडीच वर्षांनी, 2 डिसेंबर 1984 च्या रात्री काय झालं ते सांगायला नको. तो कागद कंपनीत फिरला. भिंतीपलीकडच्या वस्तीत तो कुणी वाचून दाखवला नाही. म्हणून मला नुसता तारा नको, तारा का कापला तेही गेटवर हवं, मराठीत आणि हिंदीत, 'प्रेस नंबर 7 चं बटण बांधलेलं आढळलं' इतक्या साध्या शब्दांत. एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यांबाहेर धोकादायक मालाचा तपशील देणारे फलक आजही असतात. त्यांच्यासारखं मात्र व्हायला नको. मी पाहिले त्यांतल्या निम्म्यांचे रकाने कोरे आणि उरलेल्यांची अक्षरं उन्हाने उडालेली.

आणि गुण देणाऱ्यांत कामगार नको का? परळला 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते. त्याच निवेदनात अशीही मागणी होती की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याची सोय लागावी. सहा वर्षांनी सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं तेव्हा मुंबईतून त्यावर लोखंड्यांना घेतलं. इंग्रज सरकारला 1890 मध्ये जे सुचलं ते आपल्या ऑडिटच्या चेकलिस्टला अजून सुचलेलं नाही. तिच्यात कामगारांच्या मुलाखतीचा रकाना असतो, पण मुलाखत कारखान्यात, सुपरवायझर काचेपलीकडे, आणि पोरं कोण ते एचआर निवडणार.

राहता राहिला सरकारी निरीक्षकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप, की हे सगळं म्हणजे सरकारने अंग काढून घेणं. कामगार तपासणीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1949 मध्येच मान्य केला आहे, तपासणी हे सरकारचं कर्तव्य आहे, यात वाद नाही. मशीनला सील ठोकायचा आणि मालकाला कोर्टात उभं करायचा अधिकार तारे देणाऱ्याकडे नसावा, तो निरीक्षकाकडेच हवा. पण थोड्या निरीक्षकांना असंख्य कारखाने बघायचे असतात तेव्हा आधी कुठे जायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. आज ते संगणकाची सोडत सांगते किंवा स्फोट सांगतो.

म्हणून सुरुवात करायची तर मी चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपपासून करेन आणि ऑडिटरला सकाळी आधी ईएसआयच्या दवाखान्यात पाठवेन. तिथून नावं आणि तारखा खिशात घेऊन त्याने कारखान्यात जावं. आमच्या गेटवर पाहुण्याचं नाव लिहून, पास बनवून, हेल्मेट देऊन त्याला शॉपपर्यंत आणायला दहा मिनिटं लागायची. वीस प्रेसवरच्या टेप काढायला चार.